अकरा मिनिटं काही दिसणार नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

नाडी ७६. ताप नाही. गुडघा कुरकुरतोय, पण नवा आहे, रुळायला वेळ लागणारच.

निवृत्त होताना वॉर्डातून एक कोरं रिपोर्ट बुक घेऊन आले होते. ढापलं नाही, स्टोअरकीपरला सांगून, सही करून घेतलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे रिपोर्ट लिहिले, आता स्वतःचा लिहून पाहते. नियम तोच. केलं ते लिहायचं, पाहिलं ते लिहायचं, शेरेबाजी करायची नाही. शेवटचं मला जमेल असं वाटत नाही.

गुडघा बदलल्यावर भाचीकडे पंधरा दिवसांसाठी म्हणून आले, त्याला तीन महिने झाले. माझ्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून रेंगाळले. आता ३० तारखेला जायचं नक्की केलंय. दुसऱ्याच्या घरात किती दिवस लोळत पडायचं?

सकाळी चहा पिताना भाची म्हणाली, मावशी, माझं एक काम करशील का. हॉस्पिटलात मावशी म्हणजे आया, त्यामुळे तिथे कुणी मावशी म्हटलं की मी लगेच ‘सिस्टर म्हणा’ असं सुनवायचे. हिच्या तोंडून ऐकलं की मात्र बरं वाटतं. मला वाटलं कोटाचं बटण लावायचं असेल. निघालं भलतंच.

ती दिवसभर खुर्चीत बसून नक्की काय करते हे मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं. मनात म्हणायचे, हिचं बरं आहे, बूड हलवायला नको. आज तिने नीट सांगितलं. तिने आणि तिच्या एका जोडीदाराने (त्याला मी दाढीवाला म्हणते, कारण दाढीशिवाय त्याच्या तोंडावर फारसं काही दिसत नाही) चार वर्षं खपून एक टूलकिट बनवलंय. वेबवर चालणारी ॲप्लिकेशन्स बांधायचं सामान. आणि ते म्हणे असिंक्रोनस. मी म्हटलं, बाई गं, माणसांच्या भाषेत सांग. तर म्हणाली, प्रोग्रामने कुणाला काही विचारलं की उत्तर येईपर्यंत तो तिथे ताटकळत उभा राहत नाही, तोवर दुसऱ्यांची कामं करतो.

म्हणजे वॉर्डच की! तीस खाटा आणि नर्स एक. पहिल्याच्या तोंडात थर्मामीटर ठेवून मी तिथेच उभी राहिले असते तर तिसाव्याचा ताप दुसऱ्या दिवशी कळला असता. लावायचा, पुढे जायचं, दुसऱ्याची पट्टी बघायची, मागे येऊन वाचायचा. मी हे सांगितल्यावर तिने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, हे मला लोकांना समजावायला अर्धा तास लागतो.

काम असं आहे. एका रुग्णवाहिका केंद्राला या टूलकिटवर आपली फोन घ्यायची आणि गाड्या पाठवायची यंत्रणा उभी करायची आहे. पण तिथल्या मुख्य बाईंची एक अट आहे. त्यांच्या तीन शाखांत तीन तंत्रज्ञ आहेत आणि तिघांची मशीनं तीन जातींची. २८ तारखेला तिघांनी फक्त छापील कागद वाचून टूलकिट आपापल्या मशीनवर बसवून दाखवायचं. फोन करून विचारायचं नाही. कारण मशीन कधीही मरू शकतं, आणि त्या वेळी विचारायला कुणी असेलच असं नाही. मला त्या बाई न बघताच आवडल्या.

तिघांपैकी एकाचंही अडलं तर काम गेलं. आणि काम गेलं तर टूलकिट बंद, असं भाचीने दाढीवाल्याला सांगून टाकलंय. एका मोठ्या कंपनीचं नोकरीचं पत्र तिच्या टेबलाच्या खणात पडलंय, ३० तारखेच्या आत सही करून पाठवायचं. चार वर्षांचं पोर एका कागदावर टांगलेलं आहे आणि तो कागद तपासायला तिला मी हवी आहे. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही असं मी म्हटलं. ती म्हणाली, म्हणूनच.

खरं कारण मला ठाऊक आहे. म्हातारीला गुंतवून ठेवायचं. असू दे, तिचं मन मोठं आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नाडी ७८.

जेवणाच्या टेबलावर तीन जुनी मशीनं मांडली आहेत. एकावर पेंग्विनचं चित्र, एकावर सफरचंदाचं, एकावर खिडकीचं. मी त्यांना त्याच नावांनी हाक मारते. तिन्ही पार पुसून कोरी केली आहेत, म्हणजे निर्जंतुक. हे मला पटलं. आम्ही मात्र बशी मांडीवर घेऊन जेवतो आहोत.

कागदावर अकरा पायऱ्या. एक करायची, तिच्यापुढे वेळ आणि बरोबरची खूण. पेंग्विनवर तिसऱ्या पायरीलाच मशीनने लाल अक्षरांत काहीतरी ओरडून सांगितलं. पुढे काय करायचं ते कागदावर नव्हतं, म्हणून मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. भाची अर्ध्या तासाने आली. तिने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. एक छोटं साधन आधी बसवावं लागतं, तिच्या मशीनवर ते सहा वर्षांपासून आहे, म्हणून कागदावर लिहायचं सुचलंच नव्हतं.

दाढीवाला कामाला आला होता. तो म्हणाला, हे तर कुणालाही कळतंच ना. मी त्याला सांगितलं, मी कुणीही नाही, मी कागद आहे. कागदावर नाही ते मला कळत नाही. जुन्या नर्सच्या खिशात कात्री, चिकटपट्टी, पेन कायम असतं, त्यामुळे ती सामानाच्या यादीत कात्री लिहीत नाही, आणि मग नवी मुलगी ड्रेसिंगला कात्रीशिवाय उभी राहते. ‘कळतंच ना’ म्हणून न लिहिलेल्या गोष्टींनी किती घोटाळे होतात ते मी पाहिलेत. भाचीने लगेच कागदाच्या वर एक नवी ओळ घातली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सफरचंद. चौथ्या पायरीला पासवर्ड मागितला. मी टाइप करते तर स्क्रीनवर काहीच उमटेना. एक अक्षर नाही, ठिपका नाही. मला वाटलं कीबोर्ड मेला. ठोकून पाहिला, उलटा करून झटकला, त्यातून बिस्किटाचा चुरा पडला. पुन्हा टाइप केलं, पुन्हा काही नाही. अकरा वेळा.

भाची हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. तिथे अक्षरं दिसतच नाहीत म्हणे, सुरक्षेसाठी. अगं मग तसं लिही ना! तिने लिहिलं: ‘टाइप करताना काहीही दिसणार नाही. तरीही टाइप करा आणि एंटर दाबा.’ माझ्या एका फजितीतून एक ओळ निघते. या हिशेबाने कागद चांगलाच भरगच्च होईल.

९ नोव्हेंबर, रविवार

आज तिने मला तिचं टूलकिट चालताना दाखवलं आणि मी अजून त्यातून बाहेर आलेले नाही.

खोटे फोन सोडायचा एक प्रोग्राम आहे. तिने एकदम पाचशे सोडले. स्क्रीनवर पाचशे ओळी आल्या, प्रत्येकीपुढे ती कशासाठी थांबली आहे ते लिहिलेलं. ही पत्त्यासाठी, ही गाडीच्या उत्तरासाठी. उत्तर आलं की ती ओळ पुढे सरकायची. कुणी कुणाला अडवत नव्हतं आणि कुणी विसरलं जात नव्हतं. मी मुद्दाम दोनशे सतराव्या ओळीवर बोट ठेवून बसले. चार सेकंदांत तिचं काम झालं.

आमच्या वॉर्डात एका रात्री बसचा अपघात आला होता. एकोणीस माणसं एकदम. त्या रात्री कोपऱ्यातला एक जण विसरला गेला, सकाळी सापडला. जिवंत होता, पण मला तो कोपरा अजून दिसतो. त्या रात्री असं काही असतं तर? हे मी भाचीला बोलून दाखवलं. तिने स्क्रीन बंद केली आणि म्हणाली की, या एका वाक्यासाठी तिने आणखी चार वर्षं घातली असती.

आणि मी तीन महिने म्हणत होते, हिला बूड हलवायला नको! माझ्याच बहिणीची मुलगी, माझ्या मांडीवर वाढलेली, आणि तिने एवढं मोठं काहीतरी एकटीच्या डोक्यातून काढलं. दाढीवाल्याचीही मदत आहे, नाही म्हणत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

खिडकी झाली. अकराच्या अकरा पायऱ्या. मधे जरा अडखळलं, पण झालं. कागदावर खुणा करून भाचीला दिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही. नाडी मोजली नाही. सकाळी पाव करपवला, दुपारी दूध उतू घालवलं. भाचीने विचारलं, बरं वाटत नाही का. तिला म्हटलं गुडघा.

गुडघा कसला. चोराच्या मनात चांदणं.

बुधवारी खिडकीवर सातव्या पायरीला कमांड दिली आणि मशीन गप्प झालं. पट्टी नाही, टक्के नाहीत, काळ्या चौकटीत नुसतं लुकलुकणारं टिंब. मी बसले, बसले, बसले. वाटलं मेलं. आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून दाढीवाल्याचा आवाज आला. तो फोनवर नव्हता, भाचीशीच बोलत होता. खिडकीचं मशीन सर्वांत किचकट, मावशींना जमेल का, की मीच करून टाकू. भाची म्हणाली, मावशीला जमेल.

मी मशीनची वायर ओढली. पुन्हा चालू केलं, पुन्हा सातवी पायरी, पुन्हा गप्प. पुन्हा वायर ओढली. तिसऱ्या वेळी चाळीस सेकंदांत सुरळीत पुढे गेलं आणि अकराव्यापर्यंत पोचलं. मी सगळ्या खुणा केल्या. सातवीपुढे वेळ लिहिली, दोन मिनिटं. दोन मिनिटं हा आकडा मी मनाने घातला.

चौतीस वर्षांत मी न घेतलेला ताप कधी तक्त्यावर लिहिला नाही. आणि आता या वयात, भाचीच्या जेवणाच्या टेबलावर बसून, लिहिला. ‘मावशीला जमेल’ या दोन शब्दांपायी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मनाची समजूत घालतेय की शेवटी झालं ना. झालं म्हणजे झालं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज कळलं की टूलकिट शनिवारीच केंद्राकडे गेलं. आता त्यात टाचणीएवढाही बदल करता येणार नाही. कागद मात्र २० तारखेच्या संध्याकाळपर्यंत बदलता येईल, मग तो छापायला जाणार. भाची खुशीत आहे. म्हणाली, तुझ्या खुणा बघितल्या आणि मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

मला ती ज्युनिअर आठवते आहे. नवीन लागलेली, किडकिडीत, उजव्या गालावर तीळ. सकाळच्या राउंडआधी तिने चाळीस पेशंटचे ताप लिहिले होते आणि मी तक्ता बघूनच ओळखलं. चाळिसांतले चौतीस जण एकाच आकड्यावर कसे असतील? मी तिला वॉर्डाच्या मधोमध उभी केली आणि सगळ्यांसमोर तक्ता फाडायला लावला. ती रडली. महिन्याभराने बदली मागून गेली. मी बरोबरच होते, आजही तेच म्हणेन. न घेतलेला ताप लिहिणं म्हणजे पेशंटशी खोटं बोलणं.

तर मग माझं काय?

आज भाची फोनवर त्या नोकरीच्या लोकांशी बोलत होती. कंपनीच्या घरांना लिफ्ट आहे का, तळमजल्यावरचं मिळेल का, असं खोदून खोदून विचारत होती. हिला कशाला हवाय तळमजला, ही तर जिने दोन-दोन पायऱ्या घेत चढते. लहानपणापासून नखरे आहेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नाडी ९२, सकाळी. आता ७८.

सांगितलं.

सकाळी दहाला दाढीवाला आणि ती कागद शेवटचा वाचत बसले होते. मी रिपोर्ट बुक हातात घेऊन उभी राहिले, जशा माझ्यासमोर मुली उभ्या राहायच्या. म्हटलं, खिडकीची सातवी पायरी मी खोटी लिहिली आहे. दोनदा वायर ओढली, तिसऱ्यांदा झालं. दोन मिनिटं हा आकडा माझ्या पदरचा.

दाढीवाल्याने पेन खाली ठेवलं. मी बोलणी खायच्या तयारीने उभी होते. त्या बोलण्यांचे शब्दसुद्धा मला पाठ होते, माझेच होते ते.

भाची उठली. तिने खुर्ची ओढून माझ्यामागे ठेवली आणि म्हणाली, “बस आधी, गुडघ्यावर भार नको. आता आठवून सांग, किती वेळ थांबली होतीस?”

मी म्हटलं मोजलं नाही. ती म्हणाली, मग आता मोजू. बस एवढंच. बाकी एक शब्द नाही, एक नजर नाही.

तिने खिडकीवालं पुसून पुन्हा कोरं केलं. आम्ही तिघं समोर बसलो. सातवी पायरी. मी माझं नाडीचं घड्याळ काढलं. एक मिनिट, दोन, पाच. टिंब लुकलुकतंय. दाढीवाल्याचा हात सहाव्या मिनिटाला आपोआप स्विचकडे गेला आणि तो स्वतःच दचकला. अकरा मिनिटं आणि दहा सेकंदांनी मशीन बोललं.

कारण तिला लगेच कळलं. बाकीच्या दोन मशीनांसाठी एक भाग तयार मिळतो. या मशीनसाठी मिळत नाही, म्हणून ते स्वतःच तो भाग घडवत बसतं, आणि घडवताना काही बोलत नाही. मी वायर ओढली तरी तोवर घडलेले तुकडे आत राहिले, म्हणून तिसऱ्या वेळी उरलेलं चटकन झालं. भाचीच्या आणि दाढीवाल्याच्या मशीनवर ते तुकडे दोन वर्षांपासून पडून होते. कोऱ्या मशीनवर हे पाहणारी मी एकटीच होते, आणि मीच खोटं लिहिलं.

सांगितलं नसतं तर तिसऱ्या तंत्रज्ञाने पण वायर ओढली असती. आणि त्याने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करून पाहिलं असतं याची काय खात्री? त्याला काय माझ्यासारखी भाचीपुढे लाज राखायची नव्हती.

टूलकिट बदलता येत नव्हतं, कागद येत होता. दाढीवाला म्हणाला, ‘कृपया थांबा’ असं लिहू. मी म्हटलं, प्रत्येक हॉस्पिटलच्या भिंतीवर ‘कृपया थांबा’ लिहिलेलं असतं आणि एक माणूस थांबत नाही. माणूस का थांबत नाही? त्याला किती वेळ ते सांगितलेलं नसतं म्हणून. दार बंद झालं, आत काय चाललंय कळत नाही, मग तो दार ठोकतो. त्याला सांगा, दोन तास लागतील, मधे कुणी बाहेर येणार नाही, कुणी आलं नाही म्हणजे वाईट झालं असं नाही, तीन तास झाले तर मला विचारायला या. मग तो बाकावर बसून राहतो. हे मी चौतीस वर्षं केलंय.

दाढीवाल्याचं म्हणणं, ‘काही दिसणार नाही’ असं आपणच लिहिलं तर आपला माल कच्चा दिसतो. भाचीने त्याचं ऐकून घेतलं, माझं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे कीबोर्ड सरकवला आणि म्हणाली, तू सांगतेस तसंच लिही. मी एका बोटाने लिहिलं:

‘इथे अकरा मिनिटं काही दिसणार नाही. मशीन बंद पडलेलं नाही, आत काम चालू आहे. जुन्या मशीनला पंधरा मिनिटंही लागतील. वीस झाली तरच बंद करा आणि हीच पायरी पुन्हा करा.’

कागद पाच वाजता छापायला गेला.

मी त्या मुलीला चाळीस पेशंटांसमोर उभी केली होती. हिने मला खुर्ची दिली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या जुन्या मैत्रिणीकडून त्या ज्युनिअरचा नंबर मिळाला. आता तीही निवृत्तीला आलेली. फोनवर नाव सांगितलं. ती म्हणाली, बोला सिस्टर. अजूनही सिस्टरच.

मी म्हटलं, मी तुझ्याशी फार वाईट वागले. तर ती म्हणाली, “सिस्टर, त्या दिवशी थर्मामीटरचा ट्रे माझ्या हातून पडला होता. सगळे फुटले. दुसरे मागायला तुमच्याकडे यायची हिंमत झाली नाही.”

एवढी वर्षं मी समजत होते, तिने आळस केला.

पुढे आम्ही तिच्या सुना-नातवंडांचं बोललो. तिने मला माफ केलं का ते विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

बॅग भरायला काढली आहे. भाचीने बाथरूममध्ये भिंतीला धरायची दांडी बसवून घेतली. घरमालकाने सांगितलं म्हणे, सगळ्या घरांत बसवताहेत. शेजारणीला विचारलं तर तिच्याकडे अजून आले नाहीत. घरमालकांची कामं अशीच, अर्धी आळी करायची आणि गायब व्हायचं. दांडी मात्र दणकट आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नाडी ८४. घोडामैदान जवळच आहे. भाची सकाळपासून कपाट आवरते आहे, म्हणजे घाबरली आहे. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशीही हेच करायची. मी तिला म्हटलं, झालं ते तुझ्या हातून चांगलंच झालंय, उद्याचं उद्या. ती म्हणाली हो, आणि दुसरं कपाट उघडलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी साडेनऊला नाडी १०४. लिहिते, लपवत नाही.

दहाला तिन्ही शाखांत एकदम सुरुवात. नियम असा की ज्याचं बसवून झालं त्याने मुख्य बाईंना लेखी कळवायचं, बाई ते भाचीकडे धाडणार. मधे कुणी कुणाशी बोलायचं नाही. दाढीवाला आलाच. त्याने दाढी काढली होती. मी ओळखलं नाही, विचारलं कोण हवंय. आता त्याला काय म्हणायचं ते ठरवावं लागेल.

दहा वाजून अठरा मिनिटांनी पेंग्विन झाला. दहा वाजून सव्वीस मिनिटांनी सफरचंद. खाली एक ओळ होती, पासवर्डची सूचना दिल्याबद्दल आभार, आमच्याकडे याच कारणाने दोन कीबोर्ड बदलून झालेत. दाढीवाला (बिनदाढीचा) मोठ्याने हसला. भाची हसली नाही.

मग काही नाही. साडेदहा. पावणेअकरा. जिने कुणाला ताटकळत उभं राहायला लागू नये म्हणून चार वर्षं घातली ती फोन समोर ठेवून ताटकळत बसली होती. मी तिला म्हटलं, अगं तुझंच टूलकिट काय सांगतं, थर्मामीटर लावलाय ना, मग पुढच्या खाटेकडे जा. आणि तिच्यासमोर बटाटे आणि सुरी ठेवली. तिने सोलले. सालांत अर्धा बटाटा गेला, पण सोलले.

दहा वाजून त्रेपन्न मिनिटांनी फोन वाजला. संदेश मोठा होता. भाचीला वाचवेना, तिने फोन माझ्याकडे दिला. मी चष्मा लावून मोठ्याने वाचला. तिसऱ्या तंत्रज्ञाने लिहिलं होतं:

‘खिडकीवर बसवून झालं. अकराही पायऱ्या. मशीन जुनं आहे. सातव्या पायरीला नवव्या मिनिटाला माझा हात स्विचवर गेला होता. मग कागदावरची ओळ पुन्हा वाचली आणि हात काढून घेतला. चौदा मिनिटं लागली. ही ओळ ज्याने लिहिली त्याने कधीतरी स्वतः इथे बसून वाट पाहिली असणार.’

पाठोपाठ मुख्य बाईंचा फोन आला. काम तुमचं, सोमवारी या. आणि येताना कागद लिहिणाऱ्यांना घेऊन या, आमच्या इतर यंत्रांचे कागद पण तपासून घ्यायचे आहेत.

मी भाचीला म्हटलं, बघ, दाढीवाल्याला घेऊन जा. ती उठून तिच्या टेबलाकडे गेली. मग तिने खणातून ते नोकरीचं पत्र काढलं, उलटं केलं, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर सोमवारी न्यायच्या सामानाची यादी करायला घेतली. पहिल्या ओळीत लिहिलं, मावशी. तिच्याखाली, मावशीच्या गुडघ्याची उशी.

म्हटलं, मी परवा जाणार आहे. बॅग भरलेली आहे. ती म्हणाली, वर्षभराचं काम आहे, मशीनं तीन आहेत आणि कागद तू एकटीच आहेस, मला सोडून कशी जातेस ते बघतेच. ठीक आहे. पंधरा दिवस थांबेन. बॅगेतून फक्त रोजचे कपडे काढले आहेत.

मग ती तोंड धुवायला म्हणून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. दाढीवाला म्हणाला, रडतेय बहुतेक, बघा ना जरा. मी बटाटे गॅसवर चढवले आणि त्याला सांगितलं, दार बंद आहे, आत काम चालू आहे, वीस मिनिटं झाली तरच ठोकायचं.

ती रडली की नाही, ते मी पाहिलं नाही. म्हणून इथे लिहीत नाही. अकराव्या मिनिटाला नळ बंद झाला, तो मात्र मी घड्याळ लावून मोजला आहे.